मोजलेच नाही, ते नाही कसे म्हणता?

‘आयबीएस हा लक्षणांचा आजार आहे. लक्षणे नीट विचारली की तो ओळखता येतो. आहार, झोप, व्यायाम आणि मन यांकडे लक्ष दिले की आटोक्यात राहतो. मग रुग्णाच्या लघवीतले, रक्तातले आणि शौचातले शेकडो रेणू मोजत बसण्याचा हा मेटाबोलोमिक्सचा खटाटोप कशाला?’ इरिटेबल बॉवेल सिंड्रोमवर चाललेल्या नव्या संशोधनावर घेतला जाणारा आक्षेप साधारण असा असतो. तो घेणारे लोक जबाबदार आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी उभी हयात रुग्ण तपासण्यात घालवली आहे आणि अनावश्यक तपासण्यांपायी कुटुंबे कशी पिचतात हे जवळून पाहिले आहे. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आक्षेप मात्र चुकीचा आहे, आणि तो मान्य झाला तर त्याची किंमत पोट धरून बसलेल्या माणसाला मोजावी लागते.

आक्षेपात जे खरे आहे ते आधी मान्य करायला हवे. पोटात वारंवार कळ येणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता, पोट फुगणे, जाऊन आल्यावरही साफ न झाल्यासारखे वाटणे, आणि एवढे सगळे असून एंडोस्कोपी, सोनोग्राफी, रक्त सगळे नॉर्मल. अशा रुग्णाला पूर्वी एका तपासणीकडून दुसरीकडे फिरवले जाई आणि काहीच सापडले नाही की शेवटी आयबीएसचा शिक्का मारला जाई. १९७८ साली ब्रिटनमध्ये मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी लक्षणांवरून हा आजार ओळखण्याचे निकष मांडले. पुढे रोम फाउंडेशनने त्यांना अधिक रेखीव रूप दिले. २०१६ सालच्या चौथ्या आवृत्तीनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखत असेल, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असेल आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर निदान करता येते. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास अशी धोक्याची चिन्हे नसतील तर फारशा तपासण्यांची गरज उरत नाही. या निकषांनी असंख्य रुग्णांचे हेलपाटे वाचवले. ती कमाई गमवावी असे कुणीच म्हणत नाही.

प्रश्न त्यानंतरचा आहे. निकषांनी आजाराला नाव दिले, कारण दिले नाही. एकेकाळी ‘ताप’ हेच निदान असे. मलेरिया, विषमज्वर आणि डेंग्यू वेगळे ओळखता येऊ लागले तेव्हा कुठे प्रत्येकाला त्याचा त्याचा उपचार मिळाला. आयबीएस आज त्याच जागी अडकला आहे. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या कार्यगटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सर्वसाधारण लोकवस्तीतल्या साडेचार हजार जणांपैकी ४.२ टक्के लोकांत आयबीएस आढळला होता. हे प्रमाण देशाला लावले तर संख्या कोट्यवधींत जाते. इतक्या माणसांना एकच आजार असेल आणि तो एकाच कारणाने झाला असेल, हे मानायलाच पुरावा लागेल. तसा पुरावा नाही. उलट बाजूचा आहे, आणि त्यातला सर्वांत भक्कम भाग पित्ताम्लांचा आहे.

घरोघरी ज्याला ‘पित्त झालं’ म्हणतात त्या जळजळीशी याचा संबंध नाही. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. जेवणानंतर ती लहान आतड्यात उतरतात, स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सुमारे ९५ टक्के परत शोषली जाऊन यकृताकडे जातात. दिवसातून अनेकदा हा फेरा होतो. आतड्याचा तो शेवटचा टप्पा एफजीएफ-१९ नावाचे संप्रेरक सोडून यकृताला कळवत असतो की पुरे, आता नवी पित्ताम्ले बनवणे थांबव. हा निरोप कमी पडला की यकृत पित्ताम्ले बनवतच राहते, इतकी की ती परत शोषून घेणे लहान आतड्याच्या आवाक्याबाहेर जाते. जास्तीची पित्ताम्ले मोठ्या आतड्यात सांडतात, तिथल्या अस्तराला पाणी सोडायला लावतात आणि आतड्याची हालचाल वाढवतात. माणसाला धावत संडास गाठावा लागतो. कधी रात्री झोपेतून उठूनही. एंडोस्कोपीत यातले काहीही दिसत नाही. अस्तर गुळगुळीत, गुलाबी, निरोगी. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी नेहमीच्या तपासणीत तो नॉर्मलच ठरतो. बिघाड आहे तो रेणूंच्या प्रमाणात, आणि रेणू मोजल्याशिवाय तो दिसणार नाही.

थायसेन आणि पेडरसन या संशोधकांनी उघड कारणाशिवाय होणाऱ्या अशा पित्ताम्लजन्य जुलाबांचे वर्णन १९७६ सालीच केले होते. आज आयबीएसच्या जुलाबप्रधान रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात हा बिघाड असल्याचे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसते. तो शोधायच्या पद्धती आहेत. ब्रिटनमध्ये सेहकॅट नावाची चाचणी होते. त्यात किरणोत्सर्गी सेलेनियम जोडलेले कृत्रिम पित्ताम्ल गिळायला देतात आणि आठवडाभराने शरीरात ते किती शिल्लक आहे हे पाहतात. दुसरी चाचणी रक्तातला सी-४ नावाचा रेणू मोजते. यकृत किती वेगाने पित्ताम्ले बनवत आहे, हे त्यावरून कळते. उपचारही आहेत. कोलेस्टिरामिनसारखी औषधे पित्ताम्लांना आतड्यातच बांधून टाकतात. ही औषधे काही नवी नाहीत, कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी ती कित्येक दशके वापरात आहेत. तरीही ब्रिटनमधल्या अशा रुग्णांच्या एका सर्वेक्षणात ४४ टक्के जणांनी सांगितले की निदान होण्याआधी त्यांनी पाच वर्षांहून अधिक काळ त्रास काढला. चाचणी ज्या देशात उपलब्ध आहे तिथली ही गत.

यावर सांगितले जाते की पित्ताम्लांचे ठीक आहे, पण तो अपवाद. शिवाय तो शोध मेटाबोलोमिक्स हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीचा. दुसरी गोष्ट खरी आहे आणि तीच या बाजूने बोलते. एक रेणू मोजला, आणि ‘लक्षणांचा आजार’ म्हणवल्या जाणाऱ्या गटातून एक ठोस, औषधाने आटोक्यात येऊ शकणारा आजार वेगळा निघाला. मेटाबोलोमिक्समध्ये हेच काम एका वेळी शेकडो रेणूंबाबत केले जाते. आणि नव्या पद्धतीने पित्ताम्लांच्या जुन्या कथेतही भर घातली आहे. हाँगकाँग बाप्टिस्ट विद्यापीठाच्या गटाने जुलाबप्रधान रुग्णांच्या शौचातले रेणू आणि जिवाणू एकत्र तपासून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे चौथ्या हिश्श्यातच पित्ताम्ले वाढलेली होती, आणि त्याच रुग्णांच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडिया गटातले जिवाणू जास्त होते. ते जिवाणू उंदरांना दिले तेव्हा यकृताला जाणारा ‘थांब’ हा निरोप उंदरांतही मंदावला. एवढी वर्षे यकृत आणि आतडे यांच्यातला मानला गेलेला व्यवहार प्रत्यक्षात तिघांचा निघाला.

दुसरा आक्षेप मनाचा. ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य आयबीएसच्या रुग्णाने जितक्या वेळा ऐकलेले असते तितके दुसरे कुठलेच नाही. मन आणि आतडे यांचा संबंध कुणी नाकारू नये. रोम फाउंडेशन तर या आजारांना आता आतडे आणि मेंदू यांच्या परस्परसंवादाचे आजारच म्हणते. संवाद म्हटला की तो दोन्ही बाजूंनी चालतो, आणि दवाखान्यात नेमके हेच विसरले जाते. कसाऱ्याहून सीएसएमटीला रोज लोकलने येणाऱ्या माणसाचा विचार करावा. प्रवास दोन तासांहून अधिक, डब्यात शौचालय नाही, गर्दीत दारापर्यंत पोहोचता येत नाही. सकाळी निघण्याआधी तो तीनदा जाऊन येतो, नाश्ता टाळतो, कोणत्या स्थानकावरचे शौचालय उघडे असते हे त्याला पाठ असते. त्याला चिंता आहे यात संशय नाही. पण चिंतेने पोट बिघडले की बिघडलेल्या पोटाने चिंता लावली, हे त्याच्याकडे बघून ठरत नाही.

ते ठरवायला लोकांचा दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागतो. ऑस्ट्रेलियात कोलोस्की, टॅली आणि सहकाऱ्यांनी तो केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश लोकांत मनाचा त्रास आधी आणि पोटाचा नंतर आला होता. दोन तृतीयांश लोकांत पोट आधी बिघडले, मनाचा त्रास नंतर सुरू झाला. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला परिणामालाच कारण समजून दिला जातो.

त्याहून स्पष्ट उदाहरण कॅनडातल्या वॉकरटन या छोट्या गावाचे. मे २००० मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्यात ई. कोलायचा एक घातक प्रकार आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू मिसळले. सुमारे २३०० लोक आजारी पडले, सात जण दगावले. पुढे मॅकमास्टर विद्यापीठाच्या डॉक्टरांनी गावकऱ्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. त्या दिवसांत ज्यांचे पोट बिघडले नव्हते त्यांच्यापैकी १०.१ टक्के लोकांत पुढे आयबीएसची लक्षणे आढळली; स्वतःहून जुलाब झाल्याचे सांगणाऱ्यांत हे प्रमाण २७.५ टक्के होते आणि वैद्यकीयदृष्ट्या ज्यांच्या आजाराचा पुरावा होता त्यांच्यात ३६.२ टक्के. गाव तेच, भीती तीच, शोक तोच. फरक होता आतड्याला झालेल्या संसर्गाचा. वॉकरटनमध्ये आधीपासून चिंता किंवा नैराश्य असलेल्यांना धोका जास्त होता, हेही त्याच अभ्यासाने दाखवले, आणि ते लपवण्याचे कारण नाही. मन धोका वाढवू शकते. सुरुवात पाण्याने केली होती.

आणि मनावरचे औषध लागू पडते म्हणून आजार मनाचा, हा युक्तिवादही टिकत नाही. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर अमिट्रिप्टिलिन या जुन्या नैराश्यविरोधी औषधाचा अगदी कमी मात्रेत प्रयोग झाला. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पोटाची लक्षणे स्पष्टपणे कमी झाली; चिंता आणि नैराश्याच्या गुणांकांत मात्र औषध आणि बनावट गोळी यांच्यात फरक पडला नाही. मनाला हात न लावताच औषधाने पोटाला आराम दिला. वर्तनोपचारांचाही काही रुग्णांना चांगला फायदा होतो, हे ब्रिटनमधल्याच मोठ्या चाचणीत दिसले आहे, आणि तो उपचार उपलब्ध असावा हेच योग्य. पण कोणाला वर्तनोपचार, कोणाला कोलेस्टिरामिन आणि कोणाला आहारबदल, हे आज अंदाजाने ठरते. अंदाज चुकला की रुग्णाचे आणखी एक वर्ष जाते.

तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांकडून येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. हजार रेणू मोजले आणि शंभरात पाच चुका चालतील अशी नेहमीची अट लावली, तर निव्वळ योगायोगाने पन्नास रेणू रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्यात वेगळे दिसतील. त्यातला एक उचलून कारण सापडल्याची घोषणा करणे म्हणजे अंधारात बाण मारून, लागला तिथे वर्तुळ काढणे. हे अगदी खरे आहे, आणि असे शोधनिबंध प्रसिद्धही झाले आहेत. लघु-शृंखला मेदाम्लांचेच पाहावे. ही आम्ले तंतुमय पदार्थांपासून जिवाणू तयार करतात. आयबीएसमध्ये ती वाढतात असे काही अभ्यास सांगतात, कमी होतात असे दुसरे सांगतात. जुलाबवाले आणि बद्धकोष्ठतेवाले रुग्ण एकाच पिशवीत टाकल्यावर दुसरे काय होणार?

पण यातून निघणारा निष्कर्ष असा, की कोणत्या दाव्यावर विश्वास ठेवायचा याची कसोटी कडक हवी. मोजणेच सोडून द्या, असा तो होत नाही. आणि कडक कसोटीला उतरलेले काम आज समोर आहे.

ते कॅनडातच झाले. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या गटाने चाळीस रुग्णांचे दोन गट केले. एकाला तीन आठवडे फॉडमॅप कमी असलेला आहार दिला, दुसऱ्याला जास्त असलेला. फॉडमॅप म्हणजे आतड्यात सहज न शोषली जाणारी आणि जिवाणूंना आंबवायला सोपी अशी कर्बोदके. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने या आहाराचा पाया घातला. कमी फॉडमॅपवाल्या गटाचे दुखणे घटले, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित गोष्ट लघवीत दिसली. मास स्पेक्ट्रोमेट्रीने रेणू मोजले तेव्हा त्या गटाच्या लघवीतले हिस्टामिन आठपटीने कमी झालेले होते. हिस्टामिन म्हणजे ॲलर्जीत अंगावर पित्त उठवणारा, खाज आणणारा रेणू. आहार कर्बोदकांचा बदलला आणि खाली आले हिस्टामिन. का? २०१७ सालच्या निबंधात याचे उत्तर नव्हते. गळ टाकून लागलेला मासा, असे म्हणून तेव्हा तो सोडून देता आला असता.

त्यांनी सोडला नाही. मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर त्यांनी पुढची पाच वर्षे त्या एका रेणूचा माग काढला. लघवीत हिस्टामिन जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या रुग्णांचे आतड्यातले जिवाणू घेतले आणि ते जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. जास्त हिस्टामिनवाल्या रुग्णांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांचे आतडे वेदनेला हळवे झाले. दुसऱ्या उंदरांचे झाले नाही. मग कोणता जिवाणू हे काम करतो याचा शोध घेतला. क्लेब्सिएला एरोजेनिस सापडला. प्रथिनांतल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करणारे जनुक त्याच्याकडे आहे. तयार झालेले हिस्टामिन आतड्याच्या भिंतीतल्या मास्ट पेशींना एच-४ नावाच्या ग्राहकाद्वारे (रिसेप्टरद्वारे) जवळ ओढते, त्या पेशी चेततात आणि मज्जातंतू पेटतात. उंदरांना आंबवण्याजोगी कर्बोदके कमी दिली की वेदना उतरली. एच-४ ग्राहक औषधाने बंद केला तरीही उतरली. शेवटी इतर गटांतल्या आयबीएस रुग्णांच्या नमुन्यांतही हा जिवाणू निरोगी लोकांपेक्षा जास्त असल्याचे पडताळून पाहिले. २०२२ साली हे सगळे प्रसिद्ध झाले.

योगायोगाने लागलेला रेणू या वाटेने शेवटपर्यंत जात नाही. माणसातली चाचणी, मग प्राण्यात कार्यकारणाचा पुरावा, मग जिवाणू, मग जनुक, मग ग्राहक, मग वेगळ्या रुग्णगटात पडताळणी. या पायऱ्यांतली कुठलीही एक निसटली असती तर दावा कोसळला असता. बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाने हिस्टामिनच्या वेगळ्या ग्राहकावर, एच-१ वर, काम करून एबास्टिन या ॲलर्जीच्या गोळीने काही आयबीएस रुग्णांचे पोटदुखणे कमी होते असे २०१६ सालीच दाखवले होते. दोन देशांतल्या दोन गटांना वेगवेगळ्या रस्त्याने तोच रेणू भेटला. (यावरून कुणी आपल्या मनाने ॲलर्जीच्या गोळ्या सुरू करू नयेत. त्या कोणाला लागू पडतील हे आधी मोजायला हवे, आणि या लेखाचा सगळा आग्रहच मोजण्यासाठी आहे.)

हिस्टामिनची ही कथा महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरापर्यंत थेट येते. कमी फॉडमॅपचा आहार आता इथलेही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सुचवतात. त्या यादीत पहिला घाव कांदा-लसणावर पडतो, मग गव्हावर, मग राजमा, छोले, बहुतेक डाळी, दूध आणि आंब्यावर. भात, नाचणी, दही थोडे जपून, असे उरते. पोळी सोडून भाकरी खाणे एकवेळ जमेल. पण जिच्या घरात मांस-मासे शिजत नाहीत आणि रोजच्या प्रथिनांचा मोठा वाटा वरण-उसळीतून येतो, तिला डाळी सोडायला सांगणे ही मोठी गोष्ट आहे. या आहाराने आतड्यातले उपयुक्त बायफिडोबॅक्टेरिया घटतात, हेही अभ्यासांत दिसले आहे. घरातल्या सगळ्यांसाठी एक आणि स्वतःसाठी दुसरा स्वयंपाक करण्याचा भार तर कुठल्याच शोधनिबंधात मोजला जात नाही. जिच्या आतड्यात हिस्टामिन बनवणारे जिवाणू आहेत तिने हे सगळे करावे, त्याचे चीज होईल. जिचा त्रास पित्ताम्लांचा आहे तिने डाळ सोडून काय मिळवायचे? आज दोघींना एकच छापील कागद दिला जातो. लघवीच्या नमुन्यांवरून या दोघींना वेगळे करता येण्याची शक्यता दिसत असताना, त्या मोजणीला खटाटोप म्हणणे अन्यायाचे आहे.

चौथा आक्षेप आहाराचा. लघवी माणसाचे आतडे सांगत नाही, त्याने काल काय खाल्ले ते सांगते, असे म्हणतात. चहा पिणाऱ्याच्या लघवीत हिप्युरेट वाढते, मासे खाणाऱ्याच्या लघवीत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड. मालवणातला मासेखाऊ आणि लातूरकडचा ज्वारीची भाकरी खाणारा यांच्या लघवीतला फरक आजाराच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. अडचण खरी आहे. तिच्यावरचा उपाय मेयो क्लिनिक आणि मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली ‘सेल’ या नियतकालिकात दाखवला. रुग्ण आणि निरोगी धरून ७७ जणांचे शौचाचे नमुने त्यांनी एकदाच न घेता सहा महिने दर महिन्याला घेतले, काहींच्या आतड्याच्या अस्तराचे तुकडेही तपासले, आणि त्रास उफाळला तेव्हा वेगळे नमुने घेतले. त्यामुळे प्रत्येक माणसाची तुलना इतरांबरोबरच स्वतःशीही करता आली. काल आमटी खाल्ली की भाजी, याचा गोंगाट सहा महिन्यांत खाली बसतो. आजाराची खूण उरते. जुलाबप्रधान रुग्णांत पित्ताम्ले आणि ट्रिप्टामिन जास्त होते. ट्रिप्टामिन जिवाणू तयार करतात आणि ते आतड्याला पाणी सोडायला लावते, हे त्याच गटाने आधी दाखवले होते. जुलाबप्रधान आणि बद्धकोष्ठताप्रधान अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांत हायपोझँथिन कमी पडलेले होते. आतड्याच्या अस्तराला स्वतःची डागडुजी करायला लागणारी प्युरीनची रसद तिथे तुटत असावी, असा त्यांचा निष्कर्ष. एकदाच घेतलेल्या नमुन्यात यातले बरेच काही हरवून गेले असते.

आहाराच्या आक्षेपातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती आक्षेपकांना अपेक्षित नसलेल्या दिशेने जाते. माणसांच्या लघवीतल्या रेणूंचा एक मोठा आंतरराष्ट्रीय नकाशा २००८ साली ‘नेचर’मध्ये आला. त्यात ४६३० लोक होते. चीन, जपान, ब्रिटन आणि अमेरिका या चार देशांतले. भारत नव्हता. इथले जेवण, इथले पाणी, बालपणापासूनचे पोटाचे संसर्ग, मोठ्या प्रमाणावर दूध न पचणे, हे सगळे वेगळे असताना परदेशातल्या मापांनी भारतीय रुग्णाची लघवी वाचणे धोक्याचेच आहे. यावर उपाय म्हणजे इथली मापे तयार करणे. मोजणी थांबवून तो प्रश्न सुटणार नाही.

घरपोच डबी पाठवून ‘तुमच्या आतड्याचे आरोग्य’ सांगणाऱ्या चाचण्यांचा प्रश्न यात मुद्दाम वेगळा काढायला हवा, कारण मेटाबोलोमिक्सविषयीचा बराचसा अविश्वास त्यांनी निर्माण केला आहे. एकदाच घेतलेला नमुना, रंगीत आलेख, शेवटी सप्लिमेंटची यादी. वर सांगितलेल्या एकाही कसोटीतून न गेलेल्या आकड्यांवर रुग्णाकडून पैसे घेणे हे संशोधन नव्हे, आणि ज्यांना याची चीड येते त्यांची चीड रास्त आहे. तिचे माप मात्र प्रयोगशाळेत सहा-सहा महिने नमुने मोजणाऱ्यांच्या पदरात टाकू नये.

उरला खर्च. मास स्पेक्ट्रोमीटर महाग यंत्र आहे, हे खरे. पण नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर त्याच जातीचे यंत्र चयापचयाचे अनेक जन्मजात आजार एकाच वेळी शोधते, आणि ही तपासणी भारतातल्या प्रयोगशाळांतही होते. रक्तातला सी-४ मोजायलाही तसेच यंत्र लागते. नवा कारखाना उभारायचा नाही. आहे त्या यंत्रावर आणखी एक तपासणी बसवायची आहे. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. आयबीएसचा रुग्ण डॉक्टर बदलतो, प्रत्येक नवा डॉक्टर सोनोग्राफी नव्याने सांगतो, कोणी तरी कोलोनोस्कोपी पुन्हा करायला लावतो, मधल्या काळात अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स होतात. या खर्चाचा हिशेब कुठल्याच एका वहीत लिहिला जात नाही, म्हणून तो दिसत नाही.

यातले काही आजच करता येण्यासारखे आहे. जुलाब रात्रीही होतात किंवा पित्ताशय काढल्यानंतर सुरू झाले, अशा रुग्णाच्या बाबतीत पित्ताम्लांचा विचार पहिल्याच भेटीत व्हायला हवा. ब्रिटिश सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचना अशा रुग्णांसाठी हेच सांगतात. चाचणी हाताशी नसेल तर पित्ताम्ले बांधणारे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस देऊन पाहता येते. एवढ्यानेही चुकीचे निदान डोक्यावर घेऊन फिरणारी पुष्कळ माणसे कमी होतील.

आणि मोठ्या कामासाठीही जागा शोधत फिरायला नको. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात हातापायांतले बळ घालवणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचा उद्रेक झाला. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, आणि तपासलेल्या काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. वॉकरटनच्या पाण्यात सापडलेल्या दोन जिवाणूंपैकी एक कॅम्पिलोबॅक्टरच होता. हातापायांतली शक्ती गेलेल्या रुग्णांकडे साऱ्या राज्याचे लक्ष होते, ते असायलाच हवे होते. पण अशा संसर्गात बहुतेकांना फक्त जुलाब होतात आणि आठवड्याभरात ते कामावर परततात. त्यांच्यातल्या कितींचे पोट त्यानंतर पूर्ववत झाले, कितींना जेवल्याबरोबर कळ येऊ लागली, हे घरोघरी जाऊन विचारता येईल. त्याच वस्तीत, तेच पाणी पिऊन ज्यांना काहीच झाले नाही असे शेजारी तुलनेसाठी आहेत. दर महिन्याला शौचाचा आणि लघवीचा नमुना, सोबत त्या आठवड्यात काय खाल्ले याची नोंद, असे वर्षभर केले तर पित्ताम्ले, हिस्टामिन, ट्रिप्टामिन आणि हायपोझँथिन यांची मराठी जेवणावरची पहिली मापे त्याच भागातून मिळू शकतील.